वाचकांचे प्रश्न : भिंतीला पोट आलंय, आता काय करायचं?

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत माती धरून ठेवणाऱ्या दगडी भिंतींची पत्रं सगळ्यांत जास्त असतात. कुणाची फुगलेली, कुणाची कललेली, कुणाची अर्धी खाली आलेली. यंदा त्यातली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं, कारण मूळ दुखणं बहुतेक ठिकाणी तेच आहे.

प्रश्न : घराच्या मागे उतार कापून अंगण काढलं आहे. वरच्या टप्प्याची माती काळ्या दगडाच्या, मातीचुना न लावता रचलेल्या भिंतीने धरली आहे. लांबी २० फूट, उंची ५ फूट, जाडी दीड फूट. दोन वर्षांपूर्वी मधोमध थोडं पोट आलं, म्हणून सगळ्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. या पावसात पोट आणखी वाढलं. टेकू देऊन भागेल की पाडावी लागेल? (गुहागर तालुका)

दरजा भरल्या तिथेच दुखणं वाढलं. कोरड्या रचलेल्या भिंतीची खरी ताकद तिच्या फटींत असते. मागचं पाणी त्या फटींतून वाहून जातं आणि भिंतीला फक्त मातीचा रेटा सोसावा लागतो. फटी बुजवल्या की पाणी मागे तुंबतं. ५ फूट उंचीच्या भिंतीवर साधारण मुरूममातीचा कोरडा रेटा दर मीटर लांबीला सुमारे ७०० किलो असतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली तर रेटा जवळजवळ १५०० किलोवर जातो. भिंत तीच, माती तीच, ओझं मात्र दुपटीहून जास्त. कोकणात जुलैमध्ये चार दिवस झड लागली की नेमकं हेच होतं.

आधी माप घ्या. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि दर फुटावर दोरीपासून दगडापर्यंतचं अंतर लिहून काढा. पोटाच्या जागी, पोटाच्या डावीकडे आणि उजवीकडे, अशी तीन ठिकाणी ही मापं घ्या. दीड फूट जाडीच्या भिंतीत फुगवटा ३ इंचांच्या आत असेल आणि दोन-तीन महिन्यांत वाढत नसेल, तर सिमेंटच्या दरजा छिन्नीने हलक्या हाताने मोकळ्या करून, वरचं पाणी वळवून एक पावसाळा वाट पाहता येते. त्याहून जास्त असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचणं हाच उपाय. फुगलेल्या भागात दर्शनी दगड आणि आतला भराव एकमेकांपासून सुटलेले असतात. बाहेरून दिलेला टेकू दर्शनी दगडाला धरतो, भिंतीला धरत नाही. दोन वर्षांत वाढ झाली आहे आणि जाडीही कमी आहे, म्हणून तुमची भिंत आमच्या मते पूर्ण नव्याने रचावी.

भिंत उतरवण्याआधी पाण्याचा माग काढा. वरच्या टप्प्यावर पागोळ्या पडतात का? न्हाणीचं पाणी, शोषखड्डा, टाकीची गळकी तोटी, माडाची आळी भिंतीच्या दहा फुटांत आहेत का? भर उन्हाळ्यातही भिंतीचा एखादा भाग ओला, शेवाळलेला दिसत असेल तर ते पावसाचं पाणी नव्हे, घरचंच आहे. ते आधी हलवा. ते तसंच राहिलं तर नव्या भिंतीलाही काही वर्षांत पोट येईल.

काम डिसेंबर ते एप्रिल या काळात करा. माती वाळलेली असते आणि कापलेला उतार उभा राहतो. उतरवताना वरून खाली या, पायथ्याला पहार लावू नका. २० फूट लांबी एकदम मोकळी करू नका. सहा-सात फुटांचे तीन तुकडे करा आणि पहिला रचून, मागून भरून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. प्रत्येक तुकड्याचं टोक सरळ उभं न कापता पायऱ्या-पायऱ्यांनी सोडा, म्हणजे पुढचा तुकडा त्यात गुंतवता येईल. मागची माती दोन फूट उंचीला एक फूट मागे अशा उताराने कापा. निघालेली माती काठावर टाकू नका. तिचं वजन थेट खालच्या माणसाच्या अंगावर येऊ शकतं. दगड उतरवताना मोठे, लांब आणि कपच्या असे तीन वेगळे ढीग घाला. पुढे एकेक दगड शोधण्यात जाणारा अर्धा दिवस वाचतो.

पाया ३ फूट रुंद आणि १ फूट खोल घ्या, कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत. जांभ्याच्या टप्प्यांवर कधी कधी खाली पांढुरकी-पिवळसर, भिजल्यावर साबणासारखी होणारी माती लागते. तिच्यावर पाया टेकवू नका. ती संपेपर्यंत खोल जा आणि तो खड्डा मोठ्या डबराने (ओबडधोबड दगडांनी) घट्ट भरून वर या. ती फार खोल असेल तर इंजिनिअरला जागा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पायाचा तळ मातीच्या बाजूला किंचित खाली उतरता ठेवा, फुटाला दीड इंच.

भिंत तळाला अडीच फूट आणि माथ्याला दीड फूट जाड असू द्या. पाठ उभी आणि तोंडाला कल, म्हणजे दर फूट उंचीला सुमारे अडीच इंच मागे. गवंडी याला सलामी म्हणतात. ती डोळ्याने देऊ नये. दोन लाकडी पट्ट्या हव्या त्या कलाने ठोकून त्यांच्यात दोरी ताणा आणि प्रत्येक थराला दोरी वर सरकवा.

रचणीतल्या चार गोष्टींवर मात्र जातीने उभं राहावं. पहिली, दगडाची लांबी भिंतीच्या आत गेली पाहिजे. दर्शनी भाग लवकर भरावा म्हणून लांब दगड फरशीसारखे आडवे तोंडाला लावण्याची सवय सर्रास दिसते, आणि पोट येतं ते अशाच भिंतींना. दुसरी, सांधमोड. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे. तीन थरांतून एकच उभी फट सरळ वर जाताना दिसली तर तेवढं तिथेच उतरवायला सांगा. तिसरी, आरपार जाणारे दगड. २ फूट आणि ४ फूट उंचीवर, दर तीन फुटांना एक, असे साधारण तेरा-चौदा लागतील. खालच्या ओळीत २५ इंच लांबीचे, वरच्या ओळीत २० इंचांचे. तेवढे लांब दगड मिळत नसतील तर दोन्ही बाजूंनी दोन दगड घालून आत किमान सहा इंच एकमेकांशेजारी येऊ द्या, नाहीतर ६ इंच बाय ६ इंचाचे काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्या. चौथी, भिंतीच्या आतला भराव. तो हाताने, एकेक टोकदार दगड दाबून बसवायचा. घमेल्याने ओतलेली बारीक खडी किंवा माती चालत नाही, ती पावसागणिक खाली बसते आणि दोन्ही बाजूंच्या दगडांना पाचर मारल्यासारखी बाहेर ढकलते. कपच्याही शक्यतो मागून ठोका. समोरून ठोकलेली कपची आज घट्ट वाटते, पण दगड जरा हलला की गळून पडते.

दगड बसला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. त्यावर उभं राहा आणि टाचेने हेलकावा द्या. ‘टक’ आवाज आला तर खाली कपची हवी.

भिंत वर जाईल तशी मागची बाजूही भरत या. आधी कापलेल्या मातीच्या बाजूला, भिंतीपासून एक फूट अंतरावर जिओटेक्स्टाइलचं (पाणी सोडणारं, माती अडवणारं) न विणलेलं कापड सोडा. नंतर कापड आणि भिंत यांच्यामध्ये एक फूट जाडीची ४० एमएम खडी. कापड नसेल तर एक-दोन वर्षांत माती खडीत शिरते आणि खडीचा निचरा बंद पडतो. खडीच्या तळाशी ४ इंची छिद्रांचा पीव्हीसी नळ टाका, छिद्रं खाली करून. २० फुटांत अडीच इंच उतार द्या आणि तोंड भिंतीच्या पलीकडे मोकळ्यावर काढा. कापडाच्या मागे जी माती भरायची ती सहा-सहा इंचांच्या थरांनी, धुमसाने ठोकून. माथ्याला कापड खडीवर दुमडून घ्या आणि वर सहा इंच चिकट मातीचा थर दाबून पाणी अडवा. भिंतीपासून तीन फूट मागे, काठाला समांतर, एक फूट रुंदीचा चर काढून वरचं पाणी बाजूला न्या. चराच्या वरच्या कडेला जूनमध्ये वाळ्याची रोपं पाच-सहा इंचांवर लावा. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खोल जातात, म्हणून ती भिंतीला त्रास न देता माती बांधतात.

सामान असं लागेल. भिंत सरासरी २ फूट जाड धरून २०० घनफूट आणि पाया ६० घनफूट, म्हणजे २.६ ब्रास डबर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). जुन्या भिंतीतून दीड ब्रासच्या आसपास परत मिळेल, नवा एक ते सव्वा ब्रास आणा. खडी एक ब्रास, कापड १५ चौरस मीटर, २० फुटी नळ एक. एक गवंडी आणि दोन मजूर दिवसाला पंधरा ते वीस चौरस फूट भिंत नीट रचतात. उतरवणं, खोदणं, भरणं धरून दहा-बारा दिवस मोकळे ठेवा. पाच दिवसांत करून देतो म्हणणारा गवंडी पोटात काय भरणार ते आधी विचारा.

प्रश्न : गाडी लावायची जागा सपाट करताना ९ इंची (जांभ्याच्या) चिऱ्याची, सिमेंटमध्ये बांधलेली भिंत घातली. उंची ४ फूट. ती बाहेरच्या बाजूला माथ्याला २ इंच कलली आहे. वरून पाहिलं तर माती आणि भिंत यांच्यात बोटभर फट दिसते. फट माती टाकून भरली तर चालेल का? (कुडाळ)

अजिबात भरू नका. उन्हाळ्यात माती आवळते तेव्हा फट पडते, आणि ती भरली की पावसात फुगणाऱ्या मातीला जायला जागा उरत नाही. मग ती भिंतीला आणखी थोडी ढकलते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फट. दरवर्षी फट भरणाऱ्या घरांत भिंत दरवर्षी पाव-अर्धा इंच पुढे सरकलेली असते.

९ इंची चिऱ्याची भिंत कुंपणाची आहे, माती धरायची नाही. ४ फूट मातीसाठी तळाला दोन फूट जाडी हवी. त्यात सिमेंटच्या सांध्यांमुळे पाणी कोंडलं गेलं आणि वर गाडीचं टनभर वजन.

सगळ्यांत स्वस्त उपाय मातीच कमी करण्याचा आहे. भिंतीमागची वरची २ फूट माती काढून तिथे उतार द्या. धरायची उंची निम्मी झाली की रेटा एक चतुर्थांशावर येतो. गाडीची चाकं भिंतीपासून किमान चार फूट लांब राहावीत म्हणून तिथे चिऱ्यांची एक ओळ लावून ठेवा. त्यानंतर पाणी जायला भोकं पाडा. जमिनीपासून सहा इंचांवर पहिली ओळ, दर चार फुटांना एक, ३ इंची नळ बाहेरच्या बाजूला उतरता. कललेल्या भिंतीत ती कोअर कटरने पाडावीत, घण-छिन्नीने नको. प्रत्येक भोकामागे घमेलंभर खडी आणि कापडाचा तुकडा नसेल तर दोन पावसांत भोक मातीने बुजतं. गावोगावच्या संरक्षक भिंतींवर अशी बुजलेली भोकं रांगेने दिसतात.

जागा कमी पडते म्हणून माती काढता येत नसेल तर बाहेरून टेकभिंती घाला. दर सहा फुटांना एक, तळाला २ फूट पुढे आलेली, माथ्याकडे निमुळती, दीड फूट रुंद. पाया मूळ भिंतीइतकाच खोल घ्या, आणि तो खणताना एका वेळी एकच खड्डा उघडा. दर दोन थरांनी एक चिरा मूळ भिंतीत चार इंच घुसवा. नुसती चिकटवलेली टेकभिंत बाजूला उभी राहते आणि भिंत तिच्या शेजारून पडते. मात्र हे २ इंच कलापर्यंतच. त्यापुढे उतरवावीच लागेल.

चिरा घेताना हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज यावा. भोकांत पिवळी माती भरलेले, नखाने खरवडले जाणारे चिरे परत पाठवा. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेत कडक होतो, म्हणून महिनाभर उघड्यावर ठेवून वापरलेला बरा. जमिनीत आणि जमिनीलगतचा पहिला फूट काळ्या दगडाचा घ्या. सतत ओल्यात राहिलेला हलका जांभा झिजतो.

प्रश्न : आमच्याकडे काळी माती आहे. ओट्याची दगडी भिंत दोनदा बांधली, दोनदा फुटली. (बार्शी)

भिंतीमागे काळी माती भरली असेल तर तिसऱ्यांदाही फुटेल. ही माती उन्हाळ्यात आवळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी लागलं की फुगते. त्या फुगण्याचा जोर नुसत्या मातीच्या रेट्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. भिंतीमागची दोन फूट रुंदीची काळी माती तळापर्यंत काढून टाका आणि तिथे मुरूम ठोकून भरा, भिंतीलगत फूटभर खडी. पायाही काळ्या मातीत थांबवू नका, खालच्या मुरमापर्यंत न्या. भेगा जिथपर्यंत जातात त्याच्या खाली पाया गेला पाहिजे, हे ध्यानात ठेवा. सिमेंटमध्ये डबर बांधणार असाल तर १ भाग सिमेंट, ६ भाग वाळू. ब्रासला साधारण पाच पोती सिमेंट लागतं. आणि ओट्यावरची झाडं कुंडीत लावा. रोज पाणी घातलेला वाफा भिंतीला टेकलेला नको.

प्रश्न : जुलैत रात्री भिंतीतून गढूळ पाणी येऊ लागलं आणि दोन दगड निसटले. आम्ही वाळूच्या गोण्या लावल्या. बरोबर केलं का? पुन्हा तशी वेळ आली तर काय करावं? (महाड तालुका)

गोण्या लावल्या ते बरोबर, पण त्याआधी घरातल्यांना त्या बाजूच्या खोल्यांतून हलवायला हवं होतं. स्वच्छ पाणी येणं चांगलं, भिंत निचरा करते आहे. पाणी गढूळ झालं म्हणजे मागची माती वाहून आत पोकळी होते आहे. दगड निसटणं, माथ्यामागच्या जमिनीत नवी भेग, अचानक झिरपणं थांबणं, यातलं एकही दिसलं तर भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरात कुणी झोपू नये, जनावरंही बांधू नयेत. २०१९ च्या पावसाळ्यात पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला भिंती कोसळल्या त्याही रात्रीच्या वेळी, आणि लोक झोपेत होते.

माणसं हलली की वरच्या बाजूने जा. भेगेवर आणि काठामागच्या सहा-आठ फुटांवर ताडपत्री टाका, कडा दगडांनी दाबा, वरून येणारं पाणी कुदळीने लांबूनच वळवा. पायथ्याशी जाणं सुरक्षित वाटत असेल तरच, आणि उजेडी, गोण्या रचा. भिंतीच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत, उतारासारख्या पायऱ्यांनी, मध्ये पाणी जायला फटी ठेवून. गोण्यांवर प्लास्टिक लपेटून झिरपणारं पाणी अडवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. निसटलेले दगड परत ठोकू नका, खणू नका. पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिल्याशिवाय दुरुस्ती सुरू करायची नाही.

तुमची भिंत आठ फुटांची आहे असं पत्रात लिहिलं आहे. पाच-सहा फुटांवरच्या भिंतीचं गणित गवंड्याच्या हातात सोडू नये. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो आणि उलथवणारा जोर आठपट. स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्या. जागा असेल तर एका आठ फुटी भिंतीऐवजी चार-चार फुटांच्या दोन, मध्ये सहा-आठ फुटांचा टप्पा सोडून, हे आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेली गॅबियनची भिंतही तुमच्याकडे चांगली चालेल, ती थोडी वाकली तरी फुटत नाही आणि पाणी अडवत नाही. नेहमीची पेटी २ मीटर बाय १ मीटर बाय १ मीटर असते. आतला दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा, चार ते आठ इंचांचा घ्यावा, आणि तोही हाताने रचावा.

प्रश्न : आजोबांच्या वेळच्या चुन्यातल्या भिंतीत पिंपळ उगवला आहे. दरवर्षी उपटतो, पुन्हा येतो. (वाई)

उपटताना वरचा शेंडा हातात येतो, मूळ दरजेत राहतं आणि जाड होत जातं. रोप पेन्सिलीएवढं असेल तर पावसाळ्यात, दरज मऊ असताना, आजूबाजूचा चुना खरवडून मुळासकट काढा. अंगठ्याहून जाड झालेलं ओढू नका, त्याच्याबरोबर दगड निघतो. ते दरजेलगत कापा, कापल्या कापल्या ताज्या जखमेवर तणनाशकाचा घट्ट द्राव ब्रशने लावा, हातमोजे घालून. तासाभराने लावलेला द्राव आत जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फुटवा आला तर पुन्हा तेच. मूळ पूर्ण वाळल्यावर, साधारण वर्षाने, ते छिन्नीने काढा, पोकळी ओली करा आणि १ भाग चुना, ३ भाग वाळूच्या मिश्रणात कपच्या बसवून भरा. चार-पाच दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा. सिमेंट इथे वापरू नका, ते चुन्यापेक्षा कडक असल्यामुळे शेजारचा दगड आणि जुनी दरज फुटते, आणि पुढचा पिंपळ त्याच फटीत येतो.